शेतातल्या चाकूसाठी चामड्याचे म्यान : मापापासून मेणापर्यंत

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी एखादा धारदार चाकू असतोच. घडाच्या फण्या वेगळ्या करणे, वाळलेली पाने उतरवणे, केळफूल काढणे, ठिबकच्या नळीचा तुकडा पाडणे अशी कामे दिवसभर चालू असतात, आणि काम संपले की हा चाकू बहुधा पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत टाकला जातो. त्याने धार जाते हे एक, पण त्या पिशवीत नंतर दुसऱ्या कुणाचा हात जातो आणि बोट कापते, हे अधिक वाईट. अशा चाकूला मापाचे चामडी म्यान घरी करता येते, त्यासाठी यंत्र लागत नाही, आणि सावकाश काम केल्यास पहिलेच म्यान वापरण्याजोगे होते.

पुढील मार्गदर्शन सरळ पात्याच्या, न मिटणाऱ्या चाकूसाठी आहे. उदाहरणादाखल पाते १२ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद आणि पाठीकडे ३ मिमी जाड, तर मूठ साधारण ११ सेंमी लांब असे धरले आहे. वाचकांनी आकडे स्वतःच्या चाकूवरूनच घ्यावेत. काम करताना एक गोष्ट मात्र कोणत्याही टप्प्यावर विसरू नये : चाकूची धार म्यानात ज्या वाटेने आत जाते आणि बाहेर येते, त्या वाटेवर दोरा येता कामा नये. नमुना, मधली पट्टी (धारेच्या बाजूला दोन चामड्यांच्या मध्ये बसणारी), टाक्यांची जागा, कमरपट्टा ओवण्याची घडी या सर्वांचे निर्णय याच एका गोष्टीवरून होतात.

चामडे कोणते घ्यावे

म्यानासाठी झाडपाल्याच्या रसात कमावलेले, म्हणजे बाभळीची साल, हिरडा यांसारख्या टॅनिनयुक्त द्रव्यांत मुरवलेले चामडे घ्यावे. कोल्हापुरी चपलांचे तळ याच जातीच्या चामड्याचे असतात. हे चामडे ओले केले की मऊ पडते, हाताने दाबून दिलेला आकार धरते आणि वाळल्यावर त्याच आकारात ताठ राहते. म्यान चाकूला घट्ट बसते ते या गुणामुळे. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे, जे पर्स आणि जाकिटांसाठी वापरतात, ते लवचीक असते आणि आकार धरत नाही. शिवाय त्यात राहिलेल्या क्षारांमुळे पात्याला गंज चढण्याचा धोका अधिक असतो.

दुकानात ओळख पटवण्याचे साधे उपाय आहेत. कापलेली कड पाहावी : झाडपाल्याचे चामडे आतपर्यंत बदामी किंवा तपकिरी दिसते, तर क्रोमच्या चामड्याच्या मध्यभागी बऱ्याचदा निळसर-करडी छटा असते. न रंगवलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकल्यास झाडपाल्याचे चामडे तो पटकन शोषते आणि तेवढी जागा गडद होते. जाडी ३ मिमीच्या आसपास असावी. २ मिमीचे चामडे सुरुवातीला हाताळायला सोपे वाटते, पण पात्याचे टोक त्यातून बाहेर येऊ शकते, म्हणून ते घेऊ नये.

आपल्या मापाला साधारण ३५ सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद तुकडा पुरतो. एवढ्यासाठी अखंड कातडे विकत घेण्याची गरज नाही. जळगाव, भुसावळ, धुळे येथे पादत्राणांचे सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करावी किंवा गावातल्या चर्मकार कारागिराकडे उरलेला तुकडा मागावा. कारागिराकडे जाणे मला अधिक योग्य वाटते, कारण चामड्याबरोबरच आरी (भोके पाडण्याचे टोकदार हत्यार) कशी धरतात आणि रापीला (चामडे कापण्याच्या पात्याला) धार कशी लावतात हे तिथे समोर बसून पाहता येते, आणि ते लेख वाचून येत नाही. त्यांच्या वेळेचा मोबदला अवश्य द्यावा.

हत्यारे

रापी किंवा नवीन पाते लावलेला जाड कटर, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला सुमारे १ मिमी जाडीचा पॉलिएस्टर दोरा, पोलादी मापपट्टी, कर्कटक, लहान हातोडी, चामडे जोडण्याचा संपर्क-चिकट (फेविकॉल एसआर या नावाने मिळणारा प्रकार चालतो), १२०, २२० आणि ४०० क्रमांकाचे पॉलिशपेपर, आणि थोडा बाभळीचा डिंक एवढे सामान पुरे. साधा दोरा मिळाला तर तो मेणाच्या गोळ्यावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा. सुया टोकदार नकोत, कारण भोक पाडण्याचे काम आरीचे आहे आणि टोकदार सुई आधीच ओवलेल्या दोऱ्यातच घुसते.

पुठ्ठ्याचा नमुना

येथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून पहिल्या दिवशी फक्त नमुनाच करावा आणि चामड्याला हात लावू नये.

आपले म्यान एका अखंड तुकड्याचे असेल. तो पात्याच्या पाठीशी दुमडला जाईल आणि धारेच्या बाजूने शिवला जाईल. नवशिके सहसा पुठ्ठ्यावर दुमडण्याची एकच रेषा काढतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाते आखतात. पुठ्ठा पातळ असल्यामुळे तो नमुना बरोबर बसतो, पण ३ मिमी जाडीचे चामडे दुमडताना घडीतच काही जागा खाते आणि म्यान अरुंद होते. म्हणून एका रेषेऐवजी दोन समांतर रेषा काढाव्यात आणि त्यांच्यातले अंतर पात्याच्या पाठीची जाडी अधिक चामड्याची जाडी एवढे, म्हणजे आपल्या उदाहरणात ६ मिमी ठेवावे. ही पट्टी पाठीवर बसेल.

आता चाकू आडवा ठेवून त्याची पाठ यांपैकी एका रेषेला लावावी आणि पेन्सिलीने पाते व मूठ आखून घ्यावी. धारेच्या बाजूला प्रथम २ मिमी मोकळी जागा आणि त्यापलीकडे १० मिमी मधल्या पट्टीसाठी सोडावेत. टोकापुढे १ सेंमी जागा ठेवावी. मूठ किती आत जावी याचा विचार येथेच करावा. चामडी म्यानात चाकू मुठीच्या फुगीर भागावरच्या पकडीने टिकतो, म्हणून मुठीचा साधारण ५ सेंमी भाग आत गेला पाहिजे. मूठ पात्यापेक्षा जाड असल्यामुळे तेथे नमुना रुंद करावा लागतो. मुठीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा, त्यात १ सेंमी मिळवून निम्मे करावे आणि वर मधल्या पट्टीचे १० मिमी घालावेत. ७२ मिमी घेराच्या मुठीसाठी हे अंतर ५१ मिमी येते, आणि ते ६ मिमीच्या पट्टीच्या मध्यरेषेपासून मोजायचे असते. पात्याचा भाग आणि मुठीचा भाग यांना जोडणारी रेषा सौम्य वळणाची काढावी. कोपरा ठेवल्यास तेथे शिवण ताणली जाते.

अर्धा नमुना झाला की पुठ्ठा मध्यरेषेवर दुमडून दुसरी बाजू तशीच कापावी. मग मागच्या बाजूच्या तोंडापासून वर ३ सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब पट्टी जोडलेली ठेवावी. ती ६ सेंमी वर जाईल, दुमडून ६ सेंमी खाली येईल आणि उरलेले ३ सेंमी म्यानाच्या पाठीवर शिवले जातील. ४ सेंमी रुंदीचा कमरपट्टा त्यातून सहज जातो. नमुना दुमडून, चिकटपट्टीने जोडून, कमरेशी धरून पाहावा. उजव्या हाताच्या माणसाचे म्यान आणि डावखुऱ्याचे म्यान एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, म्हणून पटलेल्या नमुन्यावर ‘मागची बाजू’ असे ठळक लिहून ठेवावे. या पुठ्ठ्याच्या म्यानात चाकू सावकाश घालून काढावा, आणि तो कोठेही अडकत असेल तर नमुना पुन्हा करावा. पुठ्ठ्याची किंमत नगण्य असते.

कापणे आणि घडी शिवणे

नमुना चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवून आरीच्या टोकाने हलकी रेघ ओढावी. पेनाची शाई कडेत मुरते आणि नंतर निघत नाही. रापी एका दमात दाबू नये, त्याच रेषेवरून दोन-तीनदा फिरवावी आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावा. उरलेल्या चामड्यातून धारेच्या वळणाशी जुळणारी १० मिमी रुंद पट्टी कापून घ्यावी. हीच मधली पट्टी.

पट्टा ओवण्याची घडी म्यान बंद करण्यापूर्वीच शिवावी लागते. क्रम चुकला तर नंतर आत सुई पोहोचत नाही. तोंडावरच्या लांब पट्टीचे शेवटचे ३ सेंमी आतल्या खरखरीत बाजूने रापीने तासून पातळ करावेत, म्हणजे जोडावर जाड उंचवटा राहत नाही. जेथे हे टोक टेकेल तेथील गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरवडावा, नाहीतर चिकट धरत नाही. दोन्ही पृष्ठभागांना पातळ चिकट लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत म्हणजे १० ते १५ मिनिटे थांबून मग दाबावे. या घडीची शिवण म्यानाच्या आतल्या बाजूला दिसते, म्हणून ती तोंडापासून पहिल्या ३ सेंमीतच ठेवावी, जेथे मूठ बसते. आतल्या बाजूला टाक्यांच्या रेषेवर उथळ खाच पाडून दोरा त्यात बसवावा, कारण चाकू काढता-घालताना पाते याच तोंडातून जाते.

मधली पट्टी

मधल्या पट्टीला अनेक जण शोभेची वस्तू समजून गाळतात, आणि तसे म्यान काही आठवड्यांत धारेच्या बाजूने उसवते. दोन चामड्यांच्या मध्ये ही तिसरी पट्टी असली की धार तिच्या आतल्या कडेवर येऊन थांबते आणि दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पट्टीची जाडी पात्याच्या पाठीएवढी असावी. पाठ ३ मिमीपेक्षा जाड असेल तर दोन थर चिकटवावेत. मुठीच्या बाजूला, जेथे म्यान रुंद होते, तेथेही आणखी एक लहान थर घातल्यास मूठ मोकळेपणाने बसते. त्या थराची खालची बाजू तासून उतरती करावी, म्हणजे पात्याच्या भागाशी पायरी पडत नाही.

पट्टी प्रथम मागच्या बाजूला चिकटवावी, चाकू ठेवून पाहावा, मगच समोरची बाजू दुमडून चिकटवावी. दुमडण्यापूर्वी पाठीवर बसणारी ६ मिमीची पट्टी कोमट पाण्याने ओली करावी. कोरडे चामडे जोराने दुमडले तर वरचा थर तडकतो आणि ती तडक कशानेही भरून निघत नाही. टोकाच्या तळाशी, शिवणीच्या आत पट्टीत ३ मिमीची खाच सोडावी. पावसाळ्यात किंवा ओल्या बागेतून आल्यावर आत उतरलेले पाणी तेथून निघून जाते.

शिवण

चिकट पूर्ण वाळल्यावर कड पॉलिशपेपरने सपाट करावी आणि कर्कटकाने बाहेरच्या कडेपासून ४ मिमी अंतरावर रेघ मारावी. तीवर दर ५ मिमीला खूण करावी. येथे एकूण जाडी ९ मिमी होते, त्यामुळे आरी थोडी जरी तिरपी गेली तरी मागच्या बाजूला भोक रेषेबाहेर निघते. चामडे लाकडी फळीवर सपाट ठेवून आरी उभी धरावी, आणि दर चार-पाच भोकांनंतर मागची बाजू पाहावी. आरीची सवय नसेल तर १.५ मिमीच्या पात्याचा हातड्रिल वापरावा, त्यात काही कमीपणा नाही. भोके सरळ येणे महत्त्वाचे.

दोऱ्याच्या लांबीबद्दल नेहमी गोंधळ होतो. प्रत्येक टाक्यात दोऱ्याची दोन्ही टोके ९ मिमी जाडीतून आणि ५ मिमी पुढे जातात, म्हणजे ५ मिमीच्या शिवणीला २८ मिमी दोरा लागतो. म्हणून शिवणीच्या लांबीच्या सहापट आणि वर दोन वीत एवढा दोरा घ्यावा. २० सेंमीच्या शिवणीला ते साधारण १६० सेंमी होते. मध्येच दोरा संपणे टाळावे, कारण जोड कितीही नीट केला तरी दिसतोच.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी. पहिल्या भोकातून अर्धा दोरा ओढून दोन्ही बाजूंना सारखी लांबी करावी. मग प्रत्येक भोकातून आधी एका बाजूची सुई आणि नंतर दुसऱ्या बाजूची सुई काढून दोन्ही टोके एकदम, सारख्या जोराने ओढावीत. कोणत्या बाजूची सुई आधी घालायची आणि दुसरी तिच्या वरून की खालून काढायची, हे पहिल्या टाक्याला ठरवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. टाके एका दिशेला कललेले आणि सारखे दिसतात ते या शिस्तीमुळे. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, म्हणून एक तुटला की शिवण उलगडत जाते. दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोन्ही टोके जातात, त्यामुळे एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. घोड्याचे खोगीर आणि लगाम हाताने याच टाक्याने शिवतात. दत्तजयंतीला शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. जाणे झाल्यास घोड्यांच्या चामडी साजाची शिवण हातात घेऊन पाहावी. टाक्यांचे अंतर, दोऱ्याची जाडी आणि ताण यांविषयी तेथे जे कळते ते चित्रांवरून कळत नाही.

तोंडाशी सर्वाधिक ताण येतो, म्हणून सुरुवातीचा टाका तोंडाच्या कडेवरून दोनदा घ्यावा. शेवटी तीन टाके उलटे येऊन दोरा कापावा आणि पॉलिएस्टरचे टोक काडीच्या आचेने वितळवून दाबावे.

ओले करून आकार देणे

पात्याला हलके तेल लावून चाकूला पातळ प्लास्टिकचे दोन वेढे द्यावेत. म्यान कोमट पाण्यात बुडवावे आणि बुडबुडे येणे मंदावले की, साधारण दीड-दोन मिनिटांत, बाहेर काढावे. गरम पाणी मुळीच वापरू नये. झाडपाल्याचे ओले चामडे उष्णतेने आकसते, कडक होते आणि ते परत पूर्ववत होत नाही. चाकू आत घालून मुठीच्या फुगवट्याभोवती आणि मधल्या पट्टीच्या आतल्या कडेने अंगठ्याने दाबत जावे. नखे लागू देऊ नयेत, त्यांचे वण कायम राहतात. चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत लाकूड चालते. आकार धरला की तासाभराने चाकू सरळ वर ओढून काढावा आणि म्यान मोकळेच वाळू द्यावे.

खानदेशात या टप्प्यावर ऋतूकडे लक्ष द्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत म्यान पत्र्याखाली, गच्चीवर किंवा दारातल्या गरम झळीत ठेवल्यास बाहेरचा थर आधी वाळून घडीवर तडकतो. आतल्या सावलीच्या खोलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर, एक ते दोन दिवस वाळवावे. पावसाळ्यात उलट अडचण असते : वाळायला तीन-चार दिवस लागतात आणि ओलसर कोपऱ्यात बुरशी धरते, म्हणून हवा खेळती ठेवावी.

कड आणि शेवटचा हात

पूर्ण वाळलेल्या म्यानाची कड १२०, मग २२०, मग ४०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासून तिन्ही थर एकसंध दिसतील इतकी सपाट करावी. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून पातळ करावा, कडेला बोटाने लावावा आणि जाड कॅनव्हासच्या तुकड्याने भराभर घासावे. घर्षणाची ऊब आणि डिंक यांमुळे तंतू बसतात आणि कड काचेसारखी चमकू लागते. हे दोन-तीनदा करावे लागते.

रंग देणे ऐच्छिक आहे. न रंगवलेले चामडे वापराने आणि उन्हाने आपोआप गडद होते, आणि केळीच्या बागेत फिरणाऱ्या म्यानावर चिकाचे तपकिरी-काळे डाग पडणारच आहेत. मला स्वतःला न रंगवलेलेच म्यान आवडते. पाण्यापासून रक्षणासाठी शुद्ध मेण किंचित ऊब देऊन बाहेरून पातळ चोळावे, किंवा मेणयुक्त रंगहीन बूट-पॉलिश लावावे. शेंगदाण्याचे किंवा इतर खाद्यतेल लावू नये. त्याने चामडे मऊ पडते, मुठीवरची पकड जाते आणि कालांतराने खवट वास येतो.

वापर

म्यान फिरतीच्या वेळी वापरायचे आहे. चाकू कायमचा साठवण्यासाठी ते योग्य नाही. चामड्यातले टॅनिन आणि ओल यांमुळे साध्या पोलादाच्या पात्यावर काळे डाग आणि गंज चढतो. संध्याकाळी चाकूवरचा चीक पुसावा, पाते कोरडे करावे आणि चाकू व म्यान वेगवेगळे टांगावेत. कमरेला चाकू लावून बाजारात किंवा बसस्थानकावर जाऊ नये. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीकामाच्या चाकूंना त्यातून वगळले असले तरी प्रवासात चाकू म्यानासह पिशवीत ठेवणे सोयीचे असते.

कोयत्यासाठी ही रचना चालत नाही. त्याची धार आतल्या वळणावर असते आणि पाते सरळ रेषेत आत-बाहेर होत नाही, म्हणून बंद म्यानात धार शिवणीवर घासतेच. त्याऐवजी ६ ते ७ सेंमी रुंद पट्टी धारेवर लांबीच्या दिशेने दुमडून केवळ धार झाकणारे आवरण करावे. दुमडलेल्या भागात आतून चामड्याची एक अरुंद पट्टी चिकटवावी, म्हणजे धार घडीवर थेट टेकणार नाही, आणि पाठीकडची बाजू मोकळी ठेवून दोन जागी चामडी बंद व बटण लावावेत. वळणावर चामडे नीट बसण्यासाठी येथेही ते ओले करूनच दुमडावे लागते, आणि बटणे धारेपासून किमान २ सेंमी दूर, पाठीच्या बाजूला घ्यावी लागतात.